आमच्या ओळखीला कुलूप कधी मिळणार? माहिती-तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

काही दिवसांपूर्वी मला एका वसुली प्रतिनिधीचा फोन आला. मी कधीही न घेतलेल्या कर्जाचा तिसरा हप्ता थकल्याबद्दल त्याने मला जाब विचारला आणि माझी जन्मतारीख, माझ्या आईचे नाव व जुना पत्ता एका दमात वाचून दाखवला. फार मिनतवारी केल्यावर त्याने अर्जाला जोडलेली माझ्या ओळखपत्राची प्रत पाठवली. ती पाहताक्षणी मी ओळखली, कारण तिच्या उजव्या कोपऱ्यात स्टेपलरची दोन भोके होती आणि त्यांच्यावरून गेलेली माझी तिरकी सही होती. तशी प्रत मी आयुष्यात एकदाच, तीन वर्षांपूर्वी एका सरकारी खिडकीवर दिली होती.

सात महिन्यांपूर्वी माझ्या वडिलांच्या फोनवर दंडाची पावती म्हणून एक फाईल आली. प्रत्यक्षात ते एक ॲप होते. त्याने संदेश वाचण्याची आणि ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली, वडिलांनी ती दिली आणि त्याचे चिन्ह पडद्यावरून नाहीसे झाले. ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मिळालेले ॲप पडद्यावरचा मजकूर वाचू शकते आणि मालकाच्या नकळत बटणेही दाबू शकते, हे आम्हाला खाते रिकामे झाल्यावर कळले. त्या रात्री वडील अंधारात फोन हातात धरून बसले होते आणि तो कुणी बंद करू नये म्हणून विनवत होते, कारण पैसे परत आल्याचा संदेश येईल असे त्यांना वाटत होते. तेव्हा आपल्या खात्याने पंधरा दिवसांत कार्यवाही करण्याचे लेखी आश्वासन दिले होते. त्यानंतर एक ओळही आलेली नाही.

आपल्या जाहिराती आम्हाला सावध राहायला सांगतात. तो सल्ला योग्य आहे आणि मी तो अक्षरशः पाळला आहे. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड ठेवला, दुसऱ्या टप्प्याची पडताळणी संदेशाऐवजी ॲपवर घेतली, फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू केला आणि सगळे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलले. आता मी ओळखपत्राच्या प्रत्येक प्रतीवर आडवे उद्देश आणि तारीख लिहिते. पण जी प्रत तुमच्या कपाटातून बाहेर गेली, तिच्यापुढे माझी सावधगिरी काय करणार?

लोकांच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदी, म्हणजे पतनोंदी, ठेवणाऱ्या इक्विफॅक्स या अमेरिकी कंपनीकडून २०१७ मध्ये सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. ज्या त्रुटीतून चोर आत शिरले, तिच्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध होती. कंपनीने ती वेळेवर बसवली नाही. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने ब्रिटनमधल्या रुग्णालयांचे कामकाज कोलमडवले, आणि त्याच्यावरचा उपायही दोन महिने आधी निघालेला होता. या रुग्णांनी आणि ग्राहकांनी कोणत्या अनोळखी दुव्यावर बोट ठेवले होते? कुलूप लावायचे ज्यांचे काम होते त्यांनी ते लावले नाही, आणि भोगले इतरांनी.

इक्विफॅक्सच्या घटनेनंतर अमेरिकेत कायदा बदलला आणि सप्टेंबर २०१८ पासून तिथल्या प्रत्येक नागरिकाला आपली पतनोंद विनाशुल्क गोठवता येऊ लागली. नोंद गोठलेली असली की नवा सावकार ती पाहू शकत नाही आणि सहसा चोराला कर्ज मिळत नाही. फिलिपिन्समध्ये मात्र २००० साली 'आय लव्ह यू' व्हायरस पसरवल्याचा संशय असलेल्या तरुणावरचे आरोप मागे घ्यावे लागले, कारण त्या गुन्ह्याला लागू पडेल असा कायदाच तेव्हा नव्हता. कायदा वेळेवर असणे म्हणजे काय, हे यावरून आपल्या लक्षात यावे.

म्हणून माझे मागणे स्पष्ट आहे. माझ्या नावावर नवे कर्ज निघू नये यासाठी मला स्वतःच्या हाताने लावता येईल असे कुलूप द्या. माझी माहिती जिथून फुटली त्या कार्यालयाला मला तसे कळवणे बंधनकारक करा. आणि कर्ज मी घेतले नाही हे सिद्ध करण्याचे ओझे माझ्यावर टाकू नका. ते मीच घेतले, हे कर्ज देणाऱ्याने सिद्ध करावे. आज मी चोर नाही हे मलाच दारोदार सांगत फिरावे लागते आहे, आणि ज्याने अर्जावरचा चेहराही पडताळून पाहिला नाही तो मला दमदाटी करतो आहे.

या व्यवस्थेला आमच्याविषयी सगळे हवे असते आणि जबाबदारी मात्र कशाचीच नको असते. एका दाखल्यासाठी चार कागद घेतले जातात, त्यांतले तीन कुणी उघडूनही पाहत नाही, काम झाल्यावर ते परत मिळत नाहीत आणि नष्टही होत नाहीत.

उद्या मी तक्रार नोंदवायला चौथ्यांदा जाणार आहे. मागच्या वेळी मला परत पाठवले, कारण अर्जासोबत ओळखपत्राची सही केलेली प्रत नव्हती. उद्या ती प्रत मी देईन. ती कोणत्या कपाटात, किती वर्षे आणि कुणाच्या ताब्यात राहणार, याचे उत्तर मला आपल्याकडून लेखी हवे आहे.

आपली,
एक नागरिक