घनतेबद्दलचे एक जुने ऋण

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

विज्ञानाच्या तासाला आपण मला घनता शिकवलीत, त्याचे आभार मी फार उशिरा मानत आहे, आणि माझ्यासारखाच गोंधळ ज्यांच्या मनात अजून असेल त्यांनाही हे वाचता यावे म्हणून उघड पत्रातून मानत आहे. वस्तुमानाला आकारमानाने भागले की घनता मिळते, हे सूत्र मला तोंडपाठ होते. तरीही मनातून मी घनता म्हणजे जडपणाच समजत असे. त्यावर काही न बोलता आपण ॲल्युमिनियमचा एक ठोकळा माझ्यापुढे ठेवलात.

त्याचे वस्तुमान 54 ग्रॅम भरले आणि दोऱ्याने मोजपात्रात सोडल्यावर पाण्याची पातळी 20 मिलिलिटरने चढली. नंतर निम्मा कापलेला तुकडा दिलात, तेव्हा 27 ग्रॅम आणि 10 मिलिलिटर आले. भागाकार दोन्ही वेळा 2.7 आला. तुकडा केवढाही असो, हा आकडा ॲल्युमिनियमचा आहे, हे त्या क्षणी सूत्राशिवायही कळले.

मात्र खरी खोली आली ती आपल्या पुढच्या प्रश्नाने. शिशाचा अणू सोन्याच्या अणूहून जड असतो, अणुवस्तुमाने अनुक्रमे सुमारे 207 आणि 197, मग शिशाची घनता प्रति घन सेंटिमीटर 11.3 ग्रॅम आणि सोन्याची 19.3 ग्रॅम कशी? दोन दिवस मी केवळ अणूच्या वजनाभोवती घुटमळत राहिलो. दोन्ही धातूंत अणूंची रचना एकाच प्रकारची असली तरी शिशाचे अणू एकमेकांपासून अधिक अंतरावर बसतात, त्यामुळे सोन्याचे 100 अणू जेवढ्या जागेत मावतात तेवढ्या जागेत शिशाचे सुमारे 56च मावतात, हे आपण समजावलेत. ॲल्युमिनियमचे उदाहरण तर मला अधिकच आवडले: त्याची रचनाही तीच, अणूंमधले अंतरही जवळपास सोन्याएवढेच, म्हणून सोन्याची घनता त्याच्या सुमारे सातपट, कारण अणूही तितक्याच पटीने जड. अणू किती जड आणि किती दाटीने बसलेले, हे दोन्ही एका आकड्यात सामावते. (तापमान न लिहिलेली घनता आपण तांबड्या शाईने अधोरेखित करीत असा, ते तेव्हा जाचक वाटे, पण पाण्याची घनता तापमानाप्रमाणे बदलते आणि 4 अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते हे वाचल्यावर ती तक्रार मी मागे घेतली.)

सर्वांत मोठे ऋण मात्र एका चुकीचे आहे. ठोकळा पुन्हा बुडवला तेव्हा पातळी 20.5 मिलिलिटरने चढली, घनता 2.63 आली आणि मी वहीत 'जवळजवळ 2.7' लिहून मोकळा झालो. आपण तो शब्द खोडलात आणि ठोकळ्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले हवेचे बुडबुडे दाखवलेत. मग ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांची हकिकत सांगितलीत: हवेतून मिळवलेल्या नायट्रोजनचे लिटरमागे 1.2572 ग्रॅम, तर संयुगांपासून मिळवलेल्याचे 1.2505 ग्रॅम भरत होते. अर्ध्या टक्क्याच्या त्या फरकाला 'जवळजवळ' म्हणून त्यांनी सोडून दिले नाही, आणि 1894 साली रसायनशास्त्रज्ञ रॅम्से यांच्यासह त्यांना हवेत दडलेला, नायट्रोजनहून जड असा आर्गॉन वायू सापडला.

माझ्या मोजपात्रात निघाले ते केवळ बुडबुडे. तरी ते शोधायला लावल्याबद्दल मी आपला मनःपूर्वक आभारी आहे.

आपला विद्यार्थी