ग्लेझ्ड फिशच्या रेसिपीत तुकडीची जाडी पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरच्या पुरवण्यांमध्ये हल्ली ग्लेझ्ड फिशच्या, म्हणजे वरून चकचकीत गोडसर थर (ग्लेझ) दिलेल्या माशाच्या रेसिप्या बऱ्याच येतात, मध, सोया सॉस, लसूण आणि वर मोठ्या अक्षरात वीस मिनिटांत तयार, आणि मी त्या मनापासून वाचते, कारण आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी रात्री मासा असतो आणि ते दोन्ही दिवस ऑफिसचे असतात. साडेसातला घरात पाय ठेवायचा आणि साडेआठच्या आत सगळ्यांना वाढायचं, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी हा पदार्थ खरंच लाखमोलाचा आहे, मटण-चिकनसारखं शिजत ठेवायला लागत नाही, वाटण-घाटण नाही, एक पॅन आणि एक छोटी वाटी, बस. पण या रेसिप्यांमध्ये तुकडी किती जाड घ्यायची ते जवळजवळ कधीच लिहिलेलं नसतं, आणि ग्लेझ कधी लावायचं ते बऱ्याचदा चुकीचं लिहिलेलं असतं. त्यासाठीच हे पत्र लिहितेय.

माझ्या घरी काय झालं ते सांगते. एका रेसिपीत लिहिलं होतं की मासा मध-सोया सॉसमध्ये घोळवून घ्या, पॅन कडकडीत तापवा आणि दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटं ठेवा. मी अगदी घड्याळ लावून तसंच केलं. माझ्याकडची साल्मनची तुकडी चांगली दोन बोटं जाड होती आणि रेसिपी लिहिणाऱ्यानं बहुतेक पातळ फिले, म्हणजे बिनकाट्याची चपटी तुकडी घेतली असणार, पण ते मला कळणार कुठून? तिसऱ्या मिनिटाला कडा काळ्या पडल्या, घरभर धूर, पॅनच्या तळाला डांबरासारखा थर, आणि सुरी घालून बघितलं तर आतलं मांस अजून काचेसारखं अर्धपारदर्शक, म्हणजे कच्चंच. मुलगा ताट समोर घेऊन बसलेला. मी वरचं करपलेलं खरवडून तुकडी परत पॅनमध्ये टाकली, आतून शिजली एकदाची, पण कडवटपणा काही गेला नाही आणि त्यानं दोन घास खाऊन ताट बाजूला सारलं. मला वाईट याचं वाटतं की अशी एक रात्र गेली की माणूस मासा आपल्याला जमत नाही असं ठरवून मोकळा होतो, आणि चूक त्याची नसतेच, छापलेल्या रेसिपीची असते.

ग्लेझ करपतं का, तर साखरेमुळे. मधात फ्रुक्टोज भरपूर असतं आणि ते साधारण 110 अंश सेल्सिअसपासूनच रंग धरायला लागतं, आपली साधी साखर त्यामानानं बराच वेळ टिकते, तिचं कॅरमल व्हायला 160 च्या आसपास जावं लागतं. आणि मासा खरपूस भाजायला आपण पॅन तापवतो तो 200 च्या घरात. वाटीतल्या मिश्रणात पाणी असतं तोवर ते 100 च्या फार वर चढत नाही म्हणून सुरवातीला सगळं छान चाललंय असं वाटतं, पण पाणी उडालं रे उडालं की तापमान झपाट्यानं चढतं आणि सोनेरीचं काळं व्हायला अर्धं मिनिटसुद्धा पुरतं. म्हणजे जे मिश्रण दोन-तीन मिनिटांच्या वर तग धरत नाही ते आपण आठ मिनिटं शिजणाऱ्या माशाला पहिल्यापासून फासतो, मग ते करपणारच ना! ज्या जपानी पद्धतीवरून हे सगळं आलंय ती तेरियाकी, त्यात तेरी म्हणजे चकाकी आणि याकी म्हणजे भाजणं, तिथे मासा आधी बराचसा भाजून घेतात आणि सोया सॉस, मिरिन (तांदळाची गोडसर जपानी वाइन), साखरेचं आटवलेलं मिश्रण शेवटी शेवटी ब्रशनं परत परत लावतात. आपल्या रेसिप्यांमध्ये साहित्य सगळं आलं, हा क्रम तेवढा वाटेत गळला.

मी आता करते ते असं. चार तुकड्यांना, एकेक साधारण दीडशे ग्रॅमची, दोन मोठे चमचे सोया सॉस, दोन मोठे चमचे मध, एक मोठा चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, दोन मोठे चमचे पाणी, दोन लसूण पाकळ्या किसून आणि थोडं आलं. हे वाटीत कालवून बाजूला ठेवायचं, माशाला लावायचं नाही. मासा किचन टॉवेलनं टिपून अगदी कोरडा करायचा, ही पायरी कुणीही गाळू नये, कारण ओला मासा तापल्या पॅनवर भाजत नाही, वाफेवर शिजतो, पांढरट राहतो आणि चिकटतो पण. मग किंचित मीठ, तेल तापलं की कातडीची बाजू खाली, उलथण्यानं दहा-पंधरा सेकंद वरून दाबून धरायचं म्हणजे कातडी आकसून वाकडी होत नाही, आणि नंतर हात लावायचा नाही. सारखं हलवून बघायचा मोह होतो, मला अजूनही होतो, पण नीट भाजलेली तुकडी स्वतःहून सुटते, सुटत नसेल तर तिची वेळ झालेली नाही एवढाच त्याचा अर्थ. बाजूनं बघत राहायचं, रंग खालून वर बदलत जातो ते स्पष्ट दिसतं, पाऊण उंचीपर्यंत रंग चढला की उलटायची, गॅस मध्यमपेक्षा कमी करायचा, जास्तीचं तेल काढून टाकायचं आणि मग वाटी ओतायची.

इथून पुढची दोन मिनिटं पॅनसमोरून हलायचं नाही, फोन वाजला तरी. आधी बारीक बारीक फेसाळ बुडबुडे येतात, भराभर फुटणारे, तोपर्यंत ते नुसतं पातळ पाणी आहे. चमच्यानं ते तुकड्यांवर घालत राहायचं. मग बुडबुडे मोठे होतात, जड होतात, सावकाश फुटतात आणि त्यांच्यावर चकाकी दिसायला लागते, वासही बदलतो, सोया सॉसचा उग्र वास जाऊन भाजल्यासारखा गोडसर येतो. आता चमचा पॅनच्या तळावरून ओढून बघायचा, मागे रेघ उमटून क्षणभर तशीच राहिली आणि मग मिटली की गॅस बंद. रेघ मिटतच नसेल तर थोडं जास्त झालं, चमचाभर पाणी घालून हलवलं की परत पातळ होतं. गॅस बंद केल्यावर तापलेल्या पॅनमध्ये ते आणखी घट्ट होतंच, म्हणून मनाजोगतं घट्ट व्हायच्या जरा आधीच थांबायचं. ओव्हनमध्ये करणाऱ्यांनीही हाच क्रम ठेवावा, 200 अंशावर मासा आधी नुसता, ग्लेझ वेगळं आटवून शेवटच्या दोन-तीन मिनिटांत, आणि ट्रेला फॉइल लावून ठेवावी म्हणजे रात्री दहाला घासत बसावं लागत नाही.

आता जाडीचं. मासा किती वेळ शिजवायचा हे वजनावर ठरत नाही, जाडीवर ठरतं. कॅनडाच्या मत्स्य विभागानं लोकप्रिय केलेला एक जुना ठोकताळा आहे, सर्वात जाड भागाला इंचाला दहा मिनिटं, दोन्ही बाजू धरून, म्हणजे अडीच सेंटिमीटरला दहा आणि अर्ध्या इंचाला पाच. हा अंदाजच आहे, पॅन किती तापलाय त्यावर मिनिट-दोन मिनिटं इकडे तिकडे होतात, पण निदान सुरवात कुठून करायची ते तरी कळतं! नुसतं चार-चार मिनिटं लिहिलं तर पातळ फिलेचा चोथा होतो आणि जाड तुकडी कच्ची राहते, एकाच वाक्यानं दोन घरांची जेवणं बिघडतात. आणि माशाला चूक सहन होत नाही, त्याचे स्नायू आखूड असतात, मधलं जोडणारं कोलॅजेन कमी आणि ते कमी उष्णतेतच विरघळतं, म्हणून तर पाकळ्या पाकळ्या सुटतात. त्यामुळे नीट शिजलेला आणि कोरडा पडलेला यात दोन मिनिटांचंच अंतर असतं. साल्मनच्या बाजूनं पांढरं दह्यासारखं काही बाहेर येताना दिसलं तर ते प्रोटीन आहे, खायला काही हरकत नाही, पण ते खूप यायला लागलं तर आच जास्त झालीय किंवा वेळ जास्त झालाय हे ओळखायचं. शिजवायच्या आधी दहा मिनिटं मिठाच्या पाण्यात ठेवला तर ते बरंच कमी येतं.

ज्यांच्याकडे किचन थर्मामीटर आहे त्यांना तर ठोकताळ्याचीही गरज नाही. अमेरिकन सरकारची शिफारस आतून 63 अंशाची आहे. बरेच शेफ साल्मन 52 ते 55 लाच उतरवतात कारण तो मऊसूत लागतो, ज्याची त्याची आवड, पण घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर मी 63 च्या खाली जाणार नाही आणि छापणाऱ्यांनीही तसं स्पष्ट लिहावं.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वात जास्त खटकते. या रेसिप्या फ्रोजन फिले घ्या म्हणतात आणि पुढे सरळ पॅनवर उडी मारतात. ऑफिसवरून येणारा माणूस फ्रोजनच वापरणार, मग तो वितळवायचा कसा ते लिहा ना. ओट्यावर तासन् तास ठेवायचा नाही, आदल्या रात्री फ्रीझरमधून खाली फ्रीजमध्ये काढून ठेवायचा. व्हॅक्यूम पॅक असेल तर फ्रीजमध्ये ठेवायच्या आधी पाकीट फाडायचं किंवा मासा बाहेर काढून झाकून ठेवायचा, कारण बॉट्युलिझम ही जिवावर बेतू शकणारी विषबाधा करणाऱ्या जंतूचा एक प्रकार हवा नसेल तर फ्रीजच्या थंडाव्यातही वाढू शकतो. ही सूचना बऱ्याच पाकिटांवर बारीक अक्षरात असते, कोण वाचतं ती! काढून ठेवायचा राहिला तर घट्ट बंद पिशवीत घालून गार पाण्यात बुडवायचा, अर्ध्या-पाऊण तासात तुकड्या सुटतात आणि मग लगेच शिजवायच्या. अगदीच वेळ नसेल तर तसाच गोठलेला शिजवला तरी चालतो, फक्त वेळ जवळजवळ दुप्पट धरायची आणि ग्लेझ अर्थातच शेवटी.

रात्रभर मॅरिनेट करा हेही कृपया छापू नका. लिंबू किंवा व्हिनेगर असलेल्या मिश्रणात मासा जास्त वेळ राहिला की बाहेरचं मांस आंबटानंच शिजल्यासारखं होतं आणि मग पॅनमध्ये पिठूळ लागतं. ग्लेझ जर वरूनच येणार आहे तर मॅरिनेटची तशी गरजच नाही. लिंबू मात्र हवंच, माशाला जो वास मारतो तो ट्रायमिथाइलअमाइनचा असतो, आंबट पदार्थ त्याला बांधून ठेवतो आणि तो नाकापर्यंत कमी पोचतो, म्हणून वाढताना थोडं वरून पिळलं की ज्यांना वासामुळे मासा नको वाटतो तेही खातात, हा माझ्या घरचा अनुभव.

मिठाबद्दलही एक ओळ पाहिजे. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण 900 मिलिग्रॅम सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 2000 च्या आत राहा म्हणते. ब्लड प्रेशरवाल्यांच्या घरात कमी मिठाचा सोया सॉस घ्यावा आणि माशाला वेगळं मीठ लावूच नये. तसंच एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो, शिजवलेल्या पदार्थातला सुद्धा नको, म्हणून बाळासाठी तुकडी काढायची तर वाटी ओतायच्या आधीच काढावी. चार जणांचं ताट एकाच पॅनमधून भरतं, त्यामुळे या ओळी रेसिपीतच असायला पाहिजेत.

तेव्हा माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी साहित्याच्या यादीत माशाच्या नावापुढे जाडी छापा, सर्वात जाड भागात अडीच सेंटिमीटर एवढं लिहायला किती जागा लागते. ग्लेझ शेवटच्या दोन मिनिटांत हे कृतीत ठळक करा, आणि फ्रोजन म्हणत असाल तर वितळवायची वेळ त्या वीस मिनिटांत धरलीय की नाही तेही खरं खरं सांगा. जागा कमी पडत असेल तर सजवलेल्या ताटाचा मोठा फोटो येतो तो थोडा लहान करा, आणि त्याच्या शेजारी पॅनमधल्या ग्लेझवर चमच्याची रेघ उमटलेली दिसते तो फोटो टाका.

आपली,
नोकरी सांभाळून रोज रात्रीचा स्वयंपाक करणारी एक वाचक