माल पोचवायला चालतो तो पिनकोड परत न्यायला का चालत नाही?

दिनांक : ६ ऑक्टोबर २०२५
तालुका कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
(कंपनीचे नाव व पत्ता लिफाफ्यावर लिहिल्याप्रमाणे)

विषय : जाहिरातीपेक्षा कमी क्षमतेचा मिक्सर परत न नेणे, डिलिव्हरीच्या नावाखाली केलेली जादा आकारणी आणि महिना उलटूनही तक्रारीचे निवारण न होणे याबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या अ‍ॅपवरून मी ९ ऑगस्ट २०२५ रोजी तीन भांड्यांचा, ७५० वॅटचा मिक्सर मागवला. किंमत २,१९९ रुपये आणि किमतीखालीच हिरव्या अक्षरांत ‘मोफत डिलिव्हरी’. माल १६ ऑगस्टपर्यंत मिळेल असे अ‍ॅप सांगत होते. चतुर्थी २७ ऑगस्टला होती. आमच्याकडे गणपतीत घरात माणसांचा राबता असतो आणि ओल्या खोबऱ्याच्या वाटपाशिवाय एकही जेवण होत नाही. जुना मिक्सर धापा टाकू लागला होता, म्हणून हा खर्च काढला.

पैसे भरायच्या शेवटच्या पानावर २,१९९ चे २,४२३ झाले. डिलिव्हरी शुल्क १४९, हाताळणी शुल्क ३९, प्लॅटफॉर्म शुल्क ७ आणि ‘पार्सल सुरक्षा’ नावाचे २९ रुपये. या शेवटच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली होती, मी ती केलेली नाही. ‘मोफत डिलिव्हरी’पुढे एक बारीक चांदणी होती. ती कुठे जाते ते शोधत खाली गेलो, तर ‘निवडक पिनकोडसाठी’ असे दोन शब्द सापडले. आमचा पिनकोड निवडकांत नाही. ते तरी ठीक, पण आमचा पिनकोड मी अ‍ॅपवर शिरतानाच दिला होता. म्हणजे मला १४९ रुपये लागणार हे अ‍ॅपला पहिल्या पानापासून माहीत होते. फक्त मला सांगायचे शेवटच्या पानापर्यंत टाळले.

या १४९ रुपयांबद्दल विचारल्यावर आपल्याकडून ईमेल आला की शुल्क ‘आकारमानानुसार वजना’वर ठरते. मी टपाल खात्यातून सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो आहे, त्यामुळे हा हिशेब मला नवा नाही. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि कुरिअरवाले सहसा करतात तसे ५००० ने भागायचे. येणारा आकडा किलो समजायचा आणि प्रत्यक्ष वजन व हा आकडा यांत जो मोठा त्यावर भाडे घ्यायचे. खोके आल्यावर मी टेप लावली. ४५ बाय ३० बाय ३२. म्हणजे ८ किलो ६४० ग्रॅम. वाण्याच्या काट्यावर तेच खोके ४ किलो ८०० ग्रॅम भरले. उरलेली सगळी हवा होती आणि त्या हवेभोवती गुंडाळलेले फुगेवाले प्लास्टिक. खोके केवढे घ्यायचे हे विक्रेता ठरवतो आणि हवेचे भाडे ग्राहक भरतो. विमानात आणि ट्रकमध्ये जागा अडते म्हणून ही पद्धत आहे, हे मला मान्य आहे. मग ती रक्कम किमतीशेजारी लिहा, एवढेच माझे म्हणणे.

१६ ऑगस्टला माल आला नाही. १९ ऑगस्टला दुपारी मोबाइलवर संदेश आला : ‘डिलिव्हरीचा प्रयत्न केला, ग्राहक उपलब्ध नाही.’ त्या दिवशी आमच्याकडे ओटीचे रंगकाम चालू होते. दोन रंगारी, मी, घरची माणसे, शिवाय शेजारचे दोघे सूचना द्यायला. अंगणात परके माणूस आले तर कुत्रा गाव जागा करतो. कोणी आले नाही, फोनही आला नाही. तरी ही नोंद आपल्या दप्तरी ‘प्रयत्न’ म्हणून जमा झाली आणि उशिराचे खापर माझ्या डोक्यावर फुटले.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. ही तक्रार डिलिव्हरी करणाऱ्या मुलाविरुद्ध नाही आणि या पत्रामुळे त्याचे पैसे कापले गेले तर ती माझी दुसरी तक्रार समजावी. २९ ऑगस्टला पार्सल घेऊन आला तेव्हा तो नखशिखांत भिजलेला होता. स्वतःची मोटारसायकल, पेट्रोल स्वतःचे, पैसे पार्सलमागे. सणाच्या तोंडावर तालुक्याच्या निम्म्या वाड्या एका मुलाच्या पाठीवर टाकल्या की कोणीतरी कुठेतरी बसून ‘ग्राहक उपलब्ध नाही’चे बटण दाबणारच. ते बटण खरे की खोटे हे तपासायची सोय आपल्याकडे आहे. त्याचा मोबाइल त्या वेळी कुठे होता हे आपल्याला कळते. आपण तपासले नाही.

आता माल. गणपती बसून दोन दिवस झाल्यावर मिक्सर हाती आला. ओल्या खोबऱ्याचे वाटप लावले आणि अर्ध्या मिनिटात मोटर बंद. तळाचे लाल बटण उडाले होते. ते दाबायला मिक्सर उलटा केला, तेव्हा तिथल्या चंदेरी पट्टीवर छापलेले दिसले : ५०० वॅट. खोक्याच्या बाजूवरही ५०० वॅटच. आपल्या पानावर मात्र ७५० वॅट आणि तेसुद्धा नावातच. आपल्या ‘ग्राहक सहायकां’पैकी एकाने मला लिहिले की दोन्ही मिक्सर घरगुती वापरासाठी योग्य आहेत. असतील. पाचशेचा मिक्सर हवा असता तर मी पाचशेचा, कमी किमतीत घेतला असता.

३० ऑगस्टला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, मी पट्टीचा, खोक्याचा आणि आपल्या पानाचा फोटो जोडून परतीची विनंती केली. ती मंजूर झाली. पिकअपची तारीख मिळाली. त्या तारखेला सकाळी पिकअप रद्द झाल्याचा संदेश आला, कारण : ‘आपला पिनकोड परतीच्या सेवाक्षेत्राबाहेर आहे.’ पुन्हा तारीख, पुन्हा तेच कारण. मग सुचवण्यात आले की मी पार्सल स्वतःच्या खर्चाने हरियाणातल्या विक्रेत्याच्या गोदामात पाठवावे आणि पावती दाखवली तर कंपनी जास्तीत जास्त १०० रुपये भरून देईल. जवळपास पाच किलोचे पार्सल कुडाळहून हरियाणाला शंभर रुपयांत जात नाही, हे मला काउंटरवर जाऊन विचारायचीही गरज नाही. शिवाय वाटेत भांडे फुटले तर जबाबदारी कोणाची, याचे उत्तर अजून आलेले नाही. या सगळ्या पत्रव्यवहारात सात दिवसांची मुदत सरली आणि आपल्या यंत्रणेने आपोआप लिहिले : ‘परतीची मुदत संपली आहे.’ परत मंजूर करूनही मिक्सर आपणच नेला नाही आणि मुदत माझी संपली!

माझी मुख्य तक्रार ही आहे. पोचवताना आमचा पिनकोड आपल्याला चालतो, किंबहुना लांबचा म्हणून त्यावर १४९ रुपये जादा घेता येतात. परत न्यायचे म्हटले की तोच पिनकोड नकाशावरून पुसला जातो.

पिनकोडवर आमच्या पिढीने आयुष्य काढले म्हणून थोडे लिहितो. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली. ती आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे पंडित आणि कोकणातलेच. एकाच नावाची गावे, वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते, न लागणारी अक्षरे यांतून पत्र बरोबर माणसापर्यंत जावे म्हणून हे सहा आकडे आले. पहिला आकडा विभाग, पहिले तीन मिळून छाननीचा जिल्हा, शेवटचे तीन म्हणजे वाटप करणारे टपाल कार्यालय. आमचा कोड ४१६ ने सुरू होतो, कोल्हापूरचाही ४१६ नेच. कोणतेही गाव सुटू नये यासाठी केलेली ही रचना आहे. आपण ती गावे गाळायला वापरता.

पैसे घेऊन माल दारात द्यायची पद्धतही आपण शोधून काढलेली नाही. टपालाच्या व्ही.पी.ने (व्हॅल्यू पेएबल) पुस्तके, औषधे, बियाणे कोकणात येतच होती. पण व्ही.पी.च्या पार्सलवर किती रुपये द्यायचे ते बाहेरच लिहिलेले असे. पोस्टमन दारात उभा राहून ‘आणखी ३९ रुपये हाताळणीचे’ म्हणाला असता तर त्याला चहा मिळाला नसता.

आपल्या शेवटच्या उत्तरात म्हटले आहे की आपण ‘केवळ मध्यस्थ’ आहात, मालाची जबाबदारी विक्रेत्याची. माझ्याकडे या ऑर्डरची दोन बिले आहेत. एक २,१९९ रुपयांचे, विक्रेत्याच्या नावाने. दुसरे २२४ रुपयांचे, डिलिव्हरी, हाताळणी, प्लॅटफॉर्म आणि पार्सल सुरक्षा यांचे, आपल्या कंपनीच्या नावाने. त्या २२४ रुपयांत आपण कोणाचे मध्यस्थ आहात? ती सेवा आपली, पैसे आपल्या खात्यात आणि त्रुटीही आपलीच. पार्सल सुरक्षेचे २९ रुपये नेमके कशापासून सुरक्षा देतात, तेही कळवावे.

आता कायद्याचे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खालील ई-कॉमर्स नियम जुलै २०२० पासून लागू आहेत. त्यांतील नियम ४ प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. पोच तत्काळ आली, त्याबद्दल आपल्या यंत्राचे आभार. महिना मात्र केव्हाच संपला. त्याच नियमाप्रमाणे ग्राहकाची संमती त्याच्या स्वतःच्या स्पष्ट कृतीने घ्यावी लागते, आधीच खूण केलेल्या चौकटीने नाही. नियम ६ प्रमाणे माल जाहिरातीतल्या वर्णनाप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोचला असेल, तर तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. माझ्या बाबतीत दोन्ही झाले आहे. एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड, टपाल व हाताळणी खर्चासह, दाखवण्याचे बंधनही त्याच नियमात आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या पानांच्या रचनेविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि तेरा प्रकार नोंदवले. किंमत तुकड्यातुकड्याने उघड करणे आणि न विचारता टोपलीत भर टाकणे हे त्यांतले दोन. माझ्या एकाच ऑर्डरमध्ये दोन्ही सापडले.

माझे मागणे असे. मिक्सर माझ्या घरून, आपल्या खर्चाने न्यावा. पूर्ण २,४२३ रुपये ज्या यूपीआय खात्यातून भरले त्याच खात्यात जमा करावेत. ‘कॉइन’, कूपन किंवा पुढच्या खरेदीवरची सूट नको. आपण देऊ केलेली २०० कॉइन मी स्वीकारलेली नाहीत आणि ती स्वीकारल्याचे आपोआप समजू नये. परतीची मुदत संपल्याची नोंद रद्द करावी, १९ ऑगस्टच्या नोंदीची चौकशी करून निष्कर्ष लेखी कळवावा. विक्रेत्याचा मुख्य कार्यालयाचा आणि सर्व शाखांचा पत्ता व ईमेल द्यावा. बिलावर फक्त गोदामाचा पत्ता आहे. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागितल्यास ही माहिती देणे नियम ५ प्रमाणे आपल्यावर बंधनकारक आहे आणि हे पत्र म्हणजे तशी लेखी मागणी समजावी. शेवटी, ज्या पिनकोडवरून परत नेण्याची सोय नाही तिथे तसे ऑर्डर देण्यापूर्वीच, किमतीशेजारी लिहावे. वाचून ज्याला घ्यायचे तो घेईल.

उत्तर मराठीत यावे. यापूर्वीच्या मराठी तक्रारींना इंग्रजीत, ‘प्रिय ग्राहक, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो’ या अर्थाचे, वेगवेगळ्या नावांनी सही केलेले पण शब्दाशब्दाने तेच उत्तर आले आहे. समजून घेण्यापेक्षा टेम्पो पाठवावा.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत पूर्तता न झाल्यास मी ओरोस येथील जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल करीन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली आहे, त्यामुळे मला हरियाणात किंवा आपल्या मुख्यालयाच्या शहरात यावे लागणार नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी नाही. आमच्याकडून ओरोस एसटीने अर्ध्या तासावर आहे आणि निवृत्त माणसाकडे वेळ असतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार आधीच नोंदवली आहे.

मिक्सर त्याच खोक्यात, सर्व भांड्यांसह, ओटीवर बांधून ठेवला आहे. नेणाऱ्याने येण्यापूर्वी फोन करावा. कुत्रा बांधून ठेवू.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व मोबाइल ऑर्डरमधील नोंदीप्रमाणे)

सोबत : दोन्ही बिलांच्या प्रती, विक्रीच्या पानाचा आणि शेवटच्या पेमेंट पानाचा फोटो, मिक्सरच्या तळपट्टीचा व खोक्याचा फोटो, पिकअप रद्द झाल्याचे संदेश, आपल्याकडून आलेले ईमेल.