पहाटेचा बर्फ आणि दुपारचा बर्फ

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला वसंतातल्या हिमभ्रमंतीवरचा लेख आवडीने वाचला. एकच गोष्ट खटकली. थंडी सरली की बर्फ बसतो आणि हिमस्खलनाचा धोका टळतो, असं त्यात म्हटलं आहे. मी एकवीस वर्षं बर्फात हिंडते आहे. बर्फ बसतो, पण पहाटेपुरता.

निरभ्र रात्री वरचा थर गोठून दगडासारखा होतो; क्रॅम्पॉनचे, म्हणजे बुटाखाली बांधायच्या काटेरी पट्ट्यांचे, दातही जेमतेम रुततात. ऊन चढलं की तो वितळू लागतो, पाणी आतल्या थरांत झिरपतं, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि ओलाचिंब बर्फ उतार सोडतो. बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारांवर होतात, म्हणजे चढायला मजा येते नेमक्या तिथेच. रात्र ढगाळ असली तर बर्फ नीट गोठतच नाही. मग सकाळचाही भरवसा नसतो.

सात वर्षांपूर्वी, एप्रिलमध्येच, दहा वाजता उतार सोडायचा असं आमचं ठरलं होतं. एकाच्या क्रॅम्पॉनचा पट्टा तुटला आणि दीड तास गेला. परतताना पाय गुडघ्यापर्यंत रुतत होते. वरच्या खडकांपासून बर्फाचे छोटे गोळे चाकासारखे घरंगळत येत होते. बर्फ सुटायच्या बेतात असल्याची ती खूण मला माहीत होती, तरी मी गप्प राहिले. सगळे दमले होते, म्हणून उताराच्या पायथ्याशीच डबे उघडले. आम्ही नुकतेच उतरलो होतो ती वाट पाच मिनिटांत गाडली गेली. आमच्यापासून जेमतेम पन्नास पावलांवर. गडगडाट असा झालाच नाही. ओल्या वाळूचा ट्रक रिकामा होताना येतो तसा आवाज आला. थांबल्यावर तो ढिगारा इतका घट्ट बसला की फावडं आत जाईना. बीकन (गाडलेल्याचा ठाव देणारं संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडी सगळं आमच्याजवळ होतं. पण पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाचा श्वास बहुधा दहा-पंधरा मिनिटांच्या आत मोकळा करावा लागतो. त्या ढिगाऱ्यात आम्हाला ते जमलं नसतं.

4 एप्रिल 2023 रोजी सिक्कीममध्ये नथु-ला रस्त्यावर भरदुपारी हिमस्खलनात सात पर्यटकांचा बळी गेला. ते शिखर चढायला निघालेले नव्हते. गाठलं जायला उताराखाली असणं पुरतं.

युरोपातल्या हिमस्खलन-सूचनांमध्ये धोक्याच्या पाच पातळ्या असतात, आणि वसंतात गरजेप्रमाणे सकाळची आणि दुपारची पातळी वेगळी दिली जाते. आपल्या लेखासोबतच्या चौकटीत सामानाची यादी होती, फोटो कुठून छान येतात तेही होतं. उताराखालून किती वाजता बाहेर पडायचं, ही एक ओळ पुढच्या वेळी त्यात जरूर छापावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक