नुसती नावं नकोत, आवाज कसाय ते लिहा

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत नव्या इंडी गाण्यांवर (मोठ्या कंपन्यांबाहेर काढलेल्या) चार ओळी आल्या, बघून लई बरं वाटलं. पण रेट्रो सोल, सिंथ-पंक, एक्सपेरिमेंटल फोक एवढी नावं टाकून विषय संपवलात. आमच्या अंबाजोगाईत ज्यानं हे कधी ऐकलंच नाही त्याला यातून काय कळणार? आवाज कसाय ते लिहा ना, सांगायला आपल्याकडंच एवढं पडलंय.

एक्सपेरिमेंटल फोकचंच बघा. मागं एकदा रात्री लाईट गेलेली, अंगणात बाजेवर मोबाईल ठेवून आयर्लंडमधल्या डब्लिनच्या लँकम ग्रुपचा 2023 चा 'फॉल्स लँकम' अल्बम लावला होता. हे लोक जुनी लोकगीतं घेतात आणि खाली पेटीचा, पाईपचा एकच सूर धरून ठेवतात, तो हलतच नाही, नुसता जाड जाड होत जातो, शेवटी छातीवर येतो. पहिलंच गाणं चालू होतं, झोपलेली आज्जी उठून बसली, म्हणली, "कुणाच्या घरी मयत झालं गं?" अंगावर काटा आला माझ्या. कारण आयर्लंडमधी बाया मयताला सूर लावून रडायच्या, ती रीतच त्या गाण्यामागं आहे. आज्जीला इंग्रजीचं अक्षर येत नाही, तिला बरोबर कळलं.

सोलचंही तसंच, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं जीव ओतून गायलेलं गाणं. न्यूयॉर्कच्या डॅपटोन कंपनीवाले सगळे वादक एका खोलीत बसवून टेपवर रेकॉर्ड करायचे, आपलं भजनी मंडळ बसतं तसं, एकमेकाच्या तोंडाकडं बघत, म्हणून ते गाणं आजचं असून जुन्या कॅसेटसारखं उबदार लागतंय. त्यांची गायिका शॅरन जोन्स आधी जेलमधी गार्ड होती, पहिला अल्बम 2002 ला आला तेव्हा वय 46. त्यांचाच गायक चार्ल्स ब्रॅडली तर पहिल्या अल्बमला 62 चा होता, 2011 ला. आपल्याकडं चाळिशी झाली की गाणं बंद कर म्हणतात, त्यांना हे वाचायला मिळालं पाहिजे.

सिंथ-पंक म्हणजे गिटारच्या जागी कीबोर्ड, आणि राग तसाच्या तसा. 1977 ला सुसाईड नावाच्या दोघांच्या बँडनं पहिला अल्बम काढला, त्यात गिटार नाही, ड्रमवालाही नाही, एक जण मशीनवर ठोका लावून ऑर्गन वाजवतो, दुसरा ओरडतो, कुजबुजतो. वरातीत कॅसिओ आणि ऑक्टोपॅड कर्ण्यातून फाटून येतो ना, तो फाटका आवाज ज्याला आवडतो त्याला हे पहिल्या मिनिटात पटतंय.

म्हणून विनंती आहे, दर रविवारी एकाच नव्या अल्बमवर दोनशे शब्द द्या. कोणतं वाद्य, कुठं रेकॉर्ड केलं, कुठं ऐकायला मिळतं. बँडकॅम्प नावाच्या गाण्यांच्या वेबसाईटवर विकत घेतलं तर बहुतेक पैसे थेट कलाकाराला जातात हेही सांगा, पोरांना माहीत नसतं. आणि परदेशातलंच नको, नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर आराधी संबळ-तुणतुण्यावर गातात, ते कुणी नीट रेकॉर्ड करून बाहेर काढलं तर त्यालाही त्याच सदरात तेवढीच जागा द्या, लोककला म्हणून वेगळ्या कोपऱ्यात नको.

पहिला मजकूर मी लिहिते, लँकमवर. पुढच्या सोमवारपर्यंत पाठवते, नाही आवडला तर परत पाठवा, पुन्हा लिहीन.

आपली एक वाचक,
अंबाजोगाई, जि. बीड