सहल मकबऱ्यावरूनच माघारी का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्याकडच्या शाळांना सहलीचे वेध लागतात. जालना, परभणी, बीडकडून छत्रपती संभाजीनगरला येणाऱ्या एसटीचा मार्ग ठरलेला: वेरूळ, दौलताबाद, पाणचक्की, शेवटी बीबी का मकबरा. तिथे फोटो झाले की गाडी माघारी. मकबऱ्यामागे दोन-तीन किलोमीटरवर डोंगरात बुद्धलेणी आहेत. तिकडे फारशा शाळा पोरांना नेत नाहीत, याचं शिक्षिका म्हणून मला फार वाईट वाटतं.

पायऱ्या चढून गेल्यावर तिसरं लेणं निवांत पाहावं. गाभाऱ्यात पाय खाली सोडून बसलेले बुद्ध, आणि त्यांच्यासमोर दोन्ही बाजूंना गुडघे टेकलेले स्त्री-पुरुष, अगदी खऱ्या माणसाएवढे. हात जोडलेले, बायकांच्या केसांची ठेवण नि दागिने नीट कोरलेले. देवांच्या मूर्ती सगळीकडे दिसतात. भक्तांना एवढी जागा देणारं शिल्प माझ्या पाहण्यात दुसरं नाही. शेजारच्या चौथ्या लेण्यातला स्तूप तर याहून कितीतरी जुना, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा.

बरेच जण इथूनच खाली उतरतात. पण सातवं लेणं पूर्वेला, साधारण किलोमीटरभर लांब आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं तेच. ते सहाव्या-सातव्या शतकातलं. दाराजवळ अवलोकितेश्वर, म्हणजे संकटात भक्तांच्या हाकेला धावणारे करुणेचे बोधिसत्त्व, उभे आहेत आणि दोन्ही अंगांना आठ संकटांचे छोटे छोटे देखावे: आग, शस्त्रधारी शत्रू, बेड्या, बुडणारं जहाज, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती आणि मृत्यू. प्रत्येक ठिकाणी घाबरलेली माणसं अवलोकितेश्वरांचा धावा करताहेत. पहिलीतल्या पोरालासुद्धा हे न सांगता कळेल. आत गाभाऱ्याच्या भिंतीवर नर्तकी आहे, तिच्याभोवती वाद्यं घेतलेल्या बायका. तिची वळलेली कंबर पाहिली की दगडातही ठेका जाणवतो.

सहलीला परवानगी देतानाच शिक्षणाधिकाऱ्यांनी शाळांना हे ठिकाण सुचवावं, अशी माझी आपल्यामार्फत कळकळीची विनंती आहे. मकबऱ्याआधी सकाळीच इथे आलं तर पोरं चढताना उन्हाने दमणार नाहीत. गाभाऱ्यात अंधार असतो, तेव्हा सोबत बॅटरी असावी. आणि वेळ कमी असेल तर पाणचक्की वगळावी, सातवं लेणं नको.

आपली,
एक शिक्षिका, जालना