पक्या, खोकं उघडण्याआधी हे वाच

हर्नडन, व्हर्जिनिया
१४ सप्टेंबर

प्रिय पक्या,

तुझा फोन ठेवल्यापासून दोन दिवस मी आणि शुभा हसतोय. टेक्ससमध्ये प्लेनोला येऊन जेमतेम सहा आठवडे, आणि जोरात गाडी हाणल्याची पहिली पावती फाडूनही झाली! पावतीचं काही नाही, ती प्रत्येकाची फाटते. पण तू गाडीतून उतरून, लायसन हातात नाचवत पोलिसाकडे चालत गेलास हे ऐकलं आणि पोटात गोळा आला. अरे, हा काय विश्रामबागचा चौक आहे का, मामांना बाजूला घेऊन मिटवायला? इथे जागचं हलायचं नाही. काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, तो येईपर्यंत तसंच बसायचं. वहिनींनी तुला शर्टाला धरून मागे ओढलं म्हणतोस, त्यांना माझा नमस्कार सांग. तुला नाही.

तर खोक्यात माझा रडार डिटेक्टर आहे, म्हणजे पुढे पोलिसांचं वेग मोजणारं रडार असलं की आधीच ओरडणारं यंत्र. युनिडेनचा आर-३. ओहायोत पाच-सहा वर्षं वापरला, चालू आहे, फुकट देतोय म्हणून संशय घेऊ नकोस. मला तो आता ठेवून उपयोग नाही, कारण व्हर्जिनियात गाडीत डिटेक्टर लावणंच बेकायदा. खासगी गाड्यांना तो सरसकट बंद करणारं हे एकच राज्य आणि शेजारचं वॉशिंग्टन डीसी. आणि आमची बदली झाली ती नेमकी इथे. कोलंबसहून सामान घेऊन येताना मेरीलँडमध्ये, पोटोमॅकच्या पुलाच्या अलीकडे पेट्रोल भरायला थांबलो, तेव्हा तो काचेवरून काढला, वायर उपटली आणि डिकीत रजयांच्या तळाशी पुरला. त्याला वीज जोडलेली नको आणि तो हाताशी नको, म्हणजे चालतं, असा इथला कायदा आहे.

गंमत म्हणजे डिटेक्टर शोधणारंही एक यंत्र पोलिसांकडे असतं. आपला डिटेक्टर शेवटी रेडिओच. आत स्वतःची एक लहर तयार करतो, बाहेरून आलेली तिच्यात मिसळतो आणि मग ऐकतो. ती आतली लहर थोडी बाहेर गळते, आणि ती गळतीच ते यंत्र पकडतं. चोरावर मोर! टेक्ससमध्ये तुला ही धास्ती नाही, तुझ्या गाडीत तो चालतो. मोठ्या मालट्रकना मात्र देशभर बंदी आहे.

आता थोडं शास्त्र, तू मेकॅनिकलवाला म्हणून. मिरज स्टेशनच्या पुलावर उभं राहून आपण न थांबणाऱ्या मालगाड्या बघायचो. भोंगा येताना चढा, पुलाखालून गेला की उतरलेला. पोलिसांची वेग मोजणारी रडारची बंदूक तेवढंच करते. तिची लहर गाडीवर आपटून परत येते ती किंचित चढून येते. २४.१५ गिगाहर्ट्झच्या बंदुकीला ताशी एका मैलामागे साधारण ७२ हर्ट्झचा फरक पडतो. म्हणजे सत्तरने येणाऱ्या गाडीला पाच हजारच्या आसपास. हा फरक माणसाच्या कानाला ऐकू येण्यासारखा असतो, आणि बंदुकीतून तो खरोखर ऐकवलाही जातो. गाडी जितकी जोरात तितकी शिट्टी वरच्या पट्टीत. मुरलेल्या पोलिसाला आकडा बघायच्या आधी कान सांगतो.

आणि आपला फायदा कुठे, तर त्याच्या लहरीला जाऊन परत यायचं असतं, आपल्याला फक्त आलेली ऐकायची असते. परतीच्या वाटेवर ती इतकी क्षीण होते की आपण त्याच्या टप्प्यात यायच्या पुष्कळ आधी आपल्या काचेवर टिकटिक सुरू होते. सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे. १९७४ मध्ये तेलटंचाईमुळे देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. मैलोन् मैल सरळ रस्ता आणि पाय ५५ वर बांधलेला, मग लोक चडफडणारच. १९७८ मध्ये सिनसिनाटीतल्या जिम जेगर आणि माइक व्हॅलेंटाइन या दोघांच्या कंपनीने ‘एस्कॉर्ट’ नावाचा डिटेक्टर बाजारात आणला, तिथून हे खूळ फोफावलं. ओहायोचीच देणगी.

यंत्राची भाषा आधी शीक, नाहीतर आठवड्याभरात कपाटात टाकशील. पडद्यावर लहरींच्या पट्ट्यांची तीन नावं दिसतील. एक्स म्हणजे साडेदहा गिगाहर्ट्झ, जुना, आता क्वचित. के म्हणजे चोवीसच्या आसपास. केए म्हणजे ३३.४ ते ३६. आर-३ नुसतं ‘केए’ म्हणून थांबत नाही, आकडाही दाखवतो, आणि तो आकडा पाठ कर: ३३.८, ३४.७, ३५.५. पोलिसांच्या बहुतेक केए बंदुका या तीन जागांच्या आसपास बसतात. ३४.७ ची ‘स्टॉकर’ तर तुझ्या शेजारी रिचर्डसनमधली कंपनी बनवते, म्हणजे तू ऐन कारखान्याच्या दारात राहायला आलायस. केए वाजला की वाद घालायचा नाही, आधी पाय उचलायचा. ब्रेक दाबायचा नाही! ब्रेकने नाक खाली गेलं की लांबून दिसतं, आणि मागचा येऊन आदळला तर ते निस्तरायला डिटेक्टर येत नाही.

खरी डोकेदुखी के. दुकानांची आपोआप उघडणारी दारं याच पट्ट्यात बोलतात. किराण्याच्या प्रत्येक दुकानासमोर यंत्र ओरडणार. त्याहून वाईट म्हणजे इतरांच्या गाड्या. आरशात न दिसणारी बाजूची गाडी ओळखायला अनेक गाड्यांच्या मागच्या बंपरमध्ये २४ गिगाहर्ट्झचं छोटं रडार बसवलेलं असतं. एकदा क्लीव्हलँडहून येताना डिटेक्टरची टिकटिक थांबेचना. मी वेग साठवर आणला, पंचावन्नवर आणला, प्रत्येक पुलाच्या खांबामागे पोलीस शोधला. अर्ध्या तासाने शुभा म्हणाली, “अरे, त्या पांढऱ्या गाडीला जाऊ दे ना पुढे.” गेली ती, आणि सन्नाटा. अर्धा तास मी कुणाच्या तरी बंपरला घाबरून गाडी चालवत होतो.

या वैतागात मी एक मूर्खपणा केला, तो तू करू नकोस. मी के पूर्ण बंद करून टाकला. तीन आठवडे स्वर्ग. चौथ्या आठवड्यात एका छोट्या गावाबाहेर, जिथे मर्यादा पंचावन्नची एकदम पस्तीस होते, तिथे धरला गेलो. बंदूक निघाली केची. पोलीस खिडकीशी आला, काचेवरच्या यंत्राकडे बघितलं आणि गंभीरपणे विचारलं, “चालतं का हे?” पावतीपेक्षा तो प्रश्न जास्त झोंबला.

त्यामुळे के चालूच ठेव, पण त्याचा गाळक, म्हणजे ‘के फिल्टर’, लाव. आत जीपीएस आहे. रोज एकाच दुकानासमोर ओरडत असेल तर म्यूटच्या बटणाने ती जागा लक्षात ठेवायला शिकवता येतं, मग तिथे गप्प बसतं. मी शिकवलेल्या कोलंबसच्या सगळ्या जागा आत असतील, त्या पुसून टाक. ‘क्वाएट राइड’मध्ये एक वेग ठरवून दे, त्याखाली तोंड बंद. मी पंचवीस ठेवला होता. सिग्नलवरच्या कॅमेऱ्यांची यादीही आत आहे, पण त्या कॅमेऱ्यांवर टेक्ससने २०१९ मध्ये बंदीचा कायदा केला, तेव्हा ती बंद केलीस तरी चालेल.

बसवायचं कुठे? काचेच्या वरच्या बाजूला, आरशाच्या शेजारी, पण तुझी नजर अडणार नाही असं. पुढे रस्ता स्वच्छ दिसला पाहिजे, वायपर आड यायला नको, आणि यंत्र रस्त्याशी समांतर हवं, आकाशाकडे तोंड करून नको. काचेच्या वरच्या कडेला जो काळ्या ठिपक्यांचा पट्टा असतो त्यावर रबरी वाट्या चिकटत नाहीत, त्याच्या खाली लाव. आधी काच स्पिरिटने पूस. वाट्या कडक झाल्या असतील तर दोन मिनिटं गरम पाण्यात टाक, पुन्हा मऊ पडतात. आणि डॅलसच्या उन्हात गाडी उभी करताना यंत्र काढून घरात ने. उन्हाने वाट्या सुटतात आणि चोरांनाही काचेवरचं दिसतं.

पहिले काही दिवस लायटरच्या सॉकेटमध्ये वायर खुपसून चालव. नंतर ती गिअरवर लोंबणारी वायर तुला सहन होणार नाही, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. म्हणून पक्क्या जोडणीची वायरही टाकली आहे. स्टिअरिंगखाली फ्यूजचा डबा असतो. टेस्टर लावून असा फ्यूज शोध, जो किल्ली फिरवल्यावरच जिवंत होतो, नाहीतर यंत्र रात्रभर बॅटरी पीत बसेल. लायटरचा फ्यूज उत्तम. एअरबॅग आणि ब्रेकच्या फ्यूजना हात लावायचा नाही. एका फ्यूजच्या जागी दोन बसवणारी पिन पाकिटात आहे, यंत्राच्या घरात २ अँपिअरचा फ्यूज घाल. अर्थिंग रंग नसलेल्या, बॉडीत गेलेल्या नटाला. वायर छताच्या अस्तराच्या फटीत ढकलत ने. ढकलायला मी शुभाचा सिलिकॉनचा कालथा वापरला होता. तो परत मिळाला नाही म्हणून ती अजून ऐकवते, तेव्हा वहिनींना विचारून घे. एकच ठिकाण जपून: काचेच्या कडेचा जो खांब खाली उतरतो, त्याच्या आवरणाखाली पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते. वायर तिच्या मागून न्यायची, कधीही पुढून नाही. आवरण काढून बघ, अंदाजाने कोंबू नकोस. भीती वाटली तर गॅरेजवाल्याला दे, लाज नाही त्यात.

आता हे यंत्र कुठे हात टेकतं तेही ऐक. पोलीस हुशार असतात, बंदूक सतत चालू ठेवत नाहीत. गाडी टप्प्यात आली की क्षणभर दाबतात. पुढे चार गाड्या असतील तर त्यांच्यावर मारलेल्या लहरीचे शिंतोडे तुझ्यापर्यंत येतात, आणि के किंवा केए एक-दोनदा टिक् करून गप्प होतो. ती टिक् लाखमोलाची. सतत वाढत जाणाऱ्या आवाजापेक्षा तिलाच जास्त घाबर. पण रात्री रिकाम्या रस्त्यावर तू एकटाच असशील तर पहिली टिक् तुझ्याच नावाची. म्हणून आमच्याकडे म्हणायचे, पुढे एक बकरा हवा. अर्धा मैल पुढे कोणीतरी तुझ्याहून घाईत असलेला.

आणि लेझरची बंदूक. तिचा किरण हजार फुटांवर जेमतेम तीन फूट रुंद असतो, तुझ्या नंबरप्लेटवर नेम धरून मारतात, आणि अर्ध्या सेकंदाच्या आत आकडा हातात. लेझरची घंटा वाजली म्हणजे तुला पावती लागू झाल्याची वर्दी मिळाली, इतकाच तिचा अर्थ. पोलिसांची यंत्रं बिघडवणारी जॅमर नावाची वस्तू कोणी स्वस्तात देऊ केली तर हातही लावू नकोस, रडार जॅमर हा केंद्राचा गुन्हा आहे.

व्हर्जिनियाला आमच्याकडे यायचं ठरवलंस आणि गाडीनेच यायची हौस असेल तर यंत्र घरी ठेव. आणि इथे पंच्याऐंशीच्या वर गेलास, किंवा मर्यादेपेक्षा वीस मैल जास्त, तर ती साधी पावती नसते. फौजदारी गुन्हा, बारा महिन्यांपर्यंत तुरुंग आणि अडीच हजार डॉलरपर्यंत दंड. तुमच्याकडे ऑस्टिनपासून सेगीनच्या दिशेने जाणाऱ्या १३० नंबरच्या टोलरस्त्यावर पंच्याऐंशीचीच पाटी आहे, देशातली सगळ्यात मोठी. तिथे सुखाने जाशील त्या वेगाला इथे वकील शोधावा लागतो.

तुझ्या पुण्याच्या मेव्हण्यालाही असलाच एक हवाय म्हणालास. त्याला म्हणावं पैसे वाचव. द्रुतगती मार्गावर आता कॅमेरे आहेत, इंटरसेप्टर गाडीत लेझरची बंदूक असते. हे यंत्र तिथे घंटा बांधलेला बैल ठरेल. त्यापेक्षा खंबाटकीच्या अलीकडे समोरून येणारा ट्रकवाला डिपर मारायचा ते बरं. आठवतं? तुझ्या काकांच्या फियाटमधून आपण साताऱ्याहून निघालो होतो, तीन ट्रकवाल्यांनी ओळीने डिपर मारला आणि काका म्हणाले, “मामा बसलाय पुढं.” त्या ट्रकवाल्यांना आपलं काय देणं-घेणं होतं? इथे तेच काम आता फोनमधलं वेझ करतं, कोणीतरी अनोळखी माणूस पुढे पोलीस दिसला की बोट टेकवून जातो. डिटेक्टरबरोबर तेही चालू ठेव. झाडाआड बंदूक बंद करून बसलेला मामा यंत्राला कळत नाही, माणसाला दिसतो. आणि तुला दिसला की तूही बोट टेकव, फुकट डिपर घेत बसू नकोस.

पावतीच्या पाठीमागे कोर्टाची तारीख छापलेली असेल ती बघ आणि मला फोन कर. टेक्ससमध्ये ड्रायव्हिंगचा वर्ग करून पहिली पावती माफ करून घेता येते बऱ्याचदा, पण आधी विचारावं लागतं, मुदत उलटल्यावर ती सोय मिळत नाही.

खोक्यात मोकळी जागा राहिली म्हणून शुभाने मेतकुटाची बरणी, लसणीची चटणी आणि घरची कुरडई भरली आहे. यंत्र धक्के खाऊ नये म्हणून कुरडईच्या पिशव्यांच्या मध्ये ठेवलंय. मी तिला सांगून पाहिलं की हे उलटं आहे. बरणीचं झाकण थोडं ढिलं वाटतं. वास आला तर यंत्र दोन दिवस खिडकीत ठेव.

तुझा,
सुध्या